चपला वाचणारे फौजदार

जगात चपला घालणारे पुष्कळ, पण चपला वाचणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारच्या मरीन इंजिनियरचे वडील. तालुक्याच्या गावी फौजदारकीत जन्म घालवून नव्वदच्या दशकात ते मुलाकडे सिंगापूरला आले. इथं प्रत्येक फ्लॅटच्या दाराबाहेर चपला-बूट काढलेले असतात. झालं! निवृत्त फौजदाराला आयतं पोलीस ठाणं मिळालं. रोज सकाळी हात मागे बांधून ते कॉरिडॉरभर तपासणी करत. समोरच्या चिनी आजींना त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की तुमच्या मुलाचा डावा गुडघा दुखतो. आजी थक्क. "अंकल, हाऊ यू नो, आ?" मला म्हणाले, "तुमची टाच बाहेरून झिजते. तुम्ही हट्टी आहात." बायकोनं हा निष्कर्ष ताबडतोब मान्य केला.

त्यांच्या गावातल्या खुनाची गोष्ट मी निदान पंधरा वेळा ऐकली असेल. प्रयोगशाळा मुंबईला, तिचा अहवाल येईपर्यंत खुनी आजोबा व्हायचा. म्हणून फौजदारांनी मयताच्या अंगणातले चिखलातले ठसे गावच्या चांभाराला दाखवले. तळाचं ठिगळ पाहून तो म्हणाला, "टाका माझाच." चपला निघाल्या एका हमालाच्या. त्याला आत टाकलं. तो ओरडत राहिला, "साहेब, देवळाबाहेरून गेल्या हो माझ्या चपला!" अख्खं ठाणं हसलं. बाराव्या दिवशी खुद्द फौजदारच कीर्तनाहून दुसऱ्याच्या चपला घालून घरी आले, आणि ते लक्षात येताच भरल्या ताटावरून उठले. हमालाला ओल्या मातीत चालवलं. त्याची दोन्ही पावलं सारखी उमटली. अंगणात मात्र डावं खोल, उजवं जेमतेम टेकलेलं. मयताचा मेहुणा लंगडायचा. त्याच्या माळ्यावर त्या चपला सापडल्या. इथं मांडीवर थाप मारून फौजदार गोष्ट संपवत.

मुलानं कायमचं राहण्याचा फार आग्रह केला, पण ते परत निघाले. जाण्याच्या आदल्या दिवशी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कॉफी घेताना मी विचारलं, "एवढी घाई कशाला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "त्या बारा दिवसांत त्या हमालाची आई वारली हो. मी त्याला अग्नी द्यायलाही सोडलं नाही. सुटताना त्यानं मलाच हात जोडले, आणि मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. आता जाऊन त्याची माफी मागायची आहे. असेल ना तो?"

"असेल," मी म्हणालो. मला काहीएक ठाऊक नव्हतं. बिनपुराव्याच्या शब्दावर विसंबणारे ते गृहस्थ नव्हेत. त्या दिवशी विसंबले.