नवरंग आधी तिला ऐकू आला

मला माझ्या बायकोचा हेवा वाटतो. तिच्या रूपाचा नाही, तिच्या माहेरच्या धानाच्या बांध्यांचा नाही, तिच्या कानांचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे, त्यांचे कान शाबूत आहेत.

आमचं गाव लाखनीपासून बरंच आत, जंगलाला खेटून आहे. मे संपत आला आणि आभाळ भरून यायला लागलं की गावामागच्या जंगलात नवरंग येतो. पावसाळाभर राहतो, पिल्लं वाढवतो आणि थंडी पडायच्या आत दक्षिणेकडे निघून जातो. पाखरू म्हणाल तर मैनेएवढं. पाठ हिरवी, पोट फिकट हळदी, गळा पांढरा, डोळ्यावरून काळा पट्टा आणि त्याच्यावर पांढरी भुवई. खांद्यावर निळा तुकडा, शेपटीखाली लालभडक. शेपटी मात्र इतकी आखूड, की देवाने रंगच इतके वापरले की शेपटीला सामान उरलं नाही असं माझी आई म्हणायची. एवढे रंग असूनही तो सहज दिसत नाही. बांबूच्या खाली, नाल्याकाठच्या सावलीत पालापाचोळा उलटवत बसतो, किडे आणि गांडुळं शोधतो. तो आलाय हे कळतं ते त्याच्या शिळेवरून. पहिला सूर वर चढतो, दुसरा लगेच खाली उतरतो. पहाटे आणि सांजेला हमखास बोलतो.

आमच्या गावात एक रीत आहे. नवरंग बोलल्याशिवाय कोणी धानाचं बियाणं भिजवत नाही. मोबाईलवर ढगांची चित्रं येवोत, कृषीवाले काहीही सांगोत, लोक ऐकून घेतात आणि नवरंगाची वाट पाहतात. तो बोलला की बियाणं भिजवायचं आणि रोपांसाठी पऱ्हे टाकायचे. आणि तो बोलला हे गावाला सांगण्याचा मान माझा होता. कोणी मला दिला नव्हता, मीच घेतला होता. पण पोरवयापासून पहिली शीळ मलाच ऐकू यायची, हे खोटं नाही. मी ग्रामपंचायतीपुढच्या ओट्यावर येऊन नुसतं 'बोलला बुवा' म्हटलं की घराघरात बियाण्यावर पाणी पडायचं. सरपंच बदलले, माझा मान नाही बदलला.

तसं माझं आयुष्य राईस मिलमध्ये गेलं. दिवसभर मशीनचा असा धडधडाट, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करायचे. सुट्टी होऊन बाहेर पडलं की महामार्गावर ट्रकांचे भोंगे. पण रविवारी जंगलात गेलो की कान धुऊन निघायचे. मिल सोडली तेव्हा वाटलं, आता रोजच रविवार.

नेमका तेव्हापासूनच नवरंग कमी बोलायला लागला. एका वर्षी उशिरा ऐकू आला, पुढच्या वर्षी त्याहून उशिरा, आणि तेही अगदी जवळ गेल्यावर. मी काय केलं? ओट्यावर बसून भाषणं दिली. जंगल संपलं म्हटलं. बांबू तोडता, मोहफुलं वेचायला पाला जाळता, मग त्या पाखरानं खावं काय, तुमचं डोस्कं? शाळेतल्या गुरुजींनी पोरांसमोर बोलायला बोलावलं, तिथेही तेच सांगितलं. नवरंग चालला बापा, पाहून घ्या. लोक गंभीर होऊन माना हलवायचे. मलाही बोलताना भरून यायचं.

यंदा एका सकाळी मी आंगणात चहा पीत होतो. बायको हापशीवरून पाणी घेऊन आली, डोक्यावरचा गुंड खाली ठेवला आणि म्हणाली, "नवरंग बोलून राहिला जी. काल सांजेपासून."

"कायचा नवरंग? दयाळ असन."

"दयाळ मले समजत नाही का? नवरंगच होय."

मी उत्तर द्यायच्या आधीच भिंतीपलीकडून माझ्या चुलतभावाचा आवाज आला, "हो दादा, वहिनीनं सांगतलं तं मी भिजवलंबी बियाणं!"

काय सांगू, अंगाचा तिळपापड झाला. जिने जन्मात पाखरू म्हणून मान वर करून पाहिलं नाही, मी नीळकंठ दाखवला तर 'मस्त आहे' म्हणून पुन्हा तांदूळ निवडायला लागली, तिला पहिली शीळ ऐकू यावी? आणि तीही भांडी घासता घासता? मी ज्याच्यासाठी जंगलं तुडवली तो तिला घरबसल्या बोलला. दुपारपर्यंत गावभर झालं. हापशीवरच्या बाया तिलाच विचारायला लागल्या, "काकू, आज बोलला का?" आणि ही पदर खोचून मोठ्या जाणकारासारखी सांगते, "बोलला ना, दोनदा बोलला." ओट्याकडे त्या दिवशी माझी वाट कोणी पाहिली नाही. रात्री भात गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो आणि नाल्याकडे गेलो. तिला खोटं पाडायचं होतं, दुसरं काही नाही. बांबूच्या बेटाजवळ पळसाच्या बुंध्याला टेकून बसलो. बऱ्याच वेळाने पाला हलला. नवरंग! टुणटुण उड्या मारत आला, चोचीने पान उलटवलं, काहीतरी गिळलं, ती आखूड शेपटी खालीवर केली. दर वर्षी असा दिसला की मी हरखून जायचो. यंदा पहिला विचार आला तो असा, की म्हणजे तिचं खरं होतं.

तेवढ्यात तो भुर्रकन उडून ऐनाच्या फांदीवर बसला. मान मागे टाकली, चोच उघडली, गळा फुगवला. आवाज नाही. पुन्हा मान मागे, पुन्हा चोच उघडी. आवाज नाही. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घशात किडा अडकला. खरंच सांगतो, मी त्या पाखराची काळजी करत बसलो होतो. जवळच होला घुमत होता, तो मला ऐकू येत होता. लांब कोणाचा ट्रॅक्टर सुरू झाला, तोही ऐकू आला. नवरंगाने तिसऱ्यांदा मान मागे टाकली आणि मला एकदम कळलं. तो बोलत होता. तिथे, माझ्यासमोर, दहा पावलांवर तो जीव तोडून बोलत होता. जंगल काही संपलं नव्हतं. माझे कान बारीक आवाजाला मेले होते, आणि मी गावाला, पोरांना, गुरुजींना पाखरं मेली म्हणून सांगत फिरलो होतो. उन्ह अंगावर आलं तरी उठवेना.

घरी आलो तर ती तांदूळ निवडत बसली होती.

"दिसला का?"

"दिसला."

तिने पुढचं विचारलंच नाही. तो बोलला का, हे कोणीही विचारलं असतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजलो.

"तुले माहीत होतं?"

"कुकरची शिट्टी तुमाले ऐकू येत नाही, दोन सालापासून," ती म्हणाली. "मलेच उठून गॅस बंद करावा लागते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी जंगल संपलं म्हणून सांगत होते. चार लोकांत मी मधात कायले बोलू?"

म्हणजे माझा मान इतके दिवस हिनेच सांभाळला होता. दुसरा कोणी असता तर त्याला माया आली असती. मला आणखीच जळफळाट झाला. कान हिचे, शहाणपण हिचं, मोठं मनही हिचंच. माझ्याकडे काय राहिलं? मी ओरडलो, "देऊन टाक मंग मले तुझे कान!"

"काढून देता येत नाही," ती म्हणाली. "मले घेऊन चला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पाखरू पाहायला ती माझ्यासोबत कधी आली नव्हती. मीही कधी नेलं नव्हतं. त्या सांजेला आम्ही दोघं निघालो. वाटेत ती सारखी बोलत होती, बांगड्या वाजत होत्या, मध्येच कुड्याची फुलं तोडत होती. मी दोनदा डाफरलो. नाल्याकाठी माझा दुपट्टा अंथरून तिला बसवलं आणि चूप राहा म्हटलं. चूप बसली बिचारी.

नवरंग आला तेव्हा तिने पदर तोंडावर धरला. "माय वो! इतकुसा?" पाहतच राहिली. मग तो फांदीवर गेला, मान मागे टाकली आणि चोच उघडली. तिचा चेहरा एकदम बदलला. ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि खरं सांगतो, ओढून घेता आला असता तर घेतला असता.

मग तिने माझं मनगट धरलं आणि त्यावर बोट टेकवलं. एकदा जोरात, एकदा हळू. नवरंगाची चोच मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा तिचं बोट, एकदा जोरात, एकदा हळू. दोन सूर. राग आला मला. ज्या शिळेवर मी आयुष्य काढलं ती आता बायकोच्या बोटाने मोजून घ्यायची? मी हात ओढून घेणार, इतक्यात तिने बोट पुन्हा टेकवलं, आणि नवरंग तर चोच मिटून, मान तिरपी करून गप बसला होता.

"आता कायले?" मी म्हटलं. "तो तं चूप आहे."

"हा चूप आहे जी. दुसरा बोलून राहिला, तलावाकडून. हा आयकून राहिला."

मी त्या पाखराकडे पाहिलं. खरंच ऐकत होतं. तलावाकडचा बोलत होता, हा ऐकत होता, माझी बायको ऐकत होती. त्या अख्ख्या जंगलात एकटा मीच बाहेरचा होतो. असा हेवा मला जन्मात कोणाचा वाटला नाही, पाखराचासुद्धा वाटला.

"अजून आहेत?" मी विचारलं.

तिने डोळे मिटले. "एक बांबूत आहे. अन् एक लय दूर, डोंगराकडे. भरून आहे जी जंगल."

ज्या हातावर तिचं बोट होतं तो तसाच राहू दिला, आणि दुसरा हातही तिच्या मांडीवर ठेवला.

"तलावाकडचा या हातावर वाजव," म्हटलं.