बाथरूमची कडी
आज कडीला तेल घालताना खोबरेलाचा वास आला आणि परदेशातली ती खोली आठवली. स्वस्त म्हणून वर्षभरासाठी घेतलेली. घरात चार अनोळखी भाडेकरू आणि माझ्या दाराला आतून कडीच नाही. धरमपेठेतल्या घरातून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "दाराले कडी आहे न वं? दाखव मले." मी बाथरूममध्ये जाऊन तिथली कडी दाखवली. "आता मले झोप येईन," ती म्हणाली; तिकडे रात्र होती, माझ्याकडे दुपार. खोलीत येऊन मी तिनंच खोबरेलाच्या बाटलीसकट भरून दिलेली बॅग दाराला लावली. त्याच दुपारी बाहेरून कुणीतरी दाराची मूठ फिरवली. बॅग वीतभर सरकली, मग पावलं लांब गेली. आईला हे कधीच सांगितलं नाही. आता ती नाही. तिच्या या घराच्या दाराला दोन कड्या आहेत. दोन्ही लावते, आणि तरीही तीच बॅग ओढून दाराशी ठेवते.