न आटवलेलं सोनं

विट्याहून निघताना गल्लीत मी कोलंबिया सांगितलं, तर निम्म्या लोकांनी ते कोलंबो ऐकलं. "मग जवळच हाय की," म्हणाले. मीही वाद घातला नाही. आमच्या भागातली माणसं गलाईचा (जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा) धंदा घेऊन देशभर पसरलेली. माझी स्वतःची उमेदीची वर्षं मदुराईत भट्टीपुढं गेली. पण एवढ्या लांब आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं.

गेलो ते धाकटी लेक स्वाती बोगोटात नोकरीला आहे म्हणून. तिची आई गेली तेव्हा तिला पोचता आलं नाही. हिच्या मागं एक वाकी (दंडात घालायचा दागिना) राहिली होती. वाकी एक आणि लेकी दोन. आमच्यात डाग (दागिना) कापून वाटत नाहीत. तो आटवायचा आणि शुद्ध सोन्याचे सारखे भाग करायचे, म्हणजे कुणाच्या मनात काही राहत नाही. परत आल्यावर मीच आटवायची असं ठरलं, आणि तोवर वाकी सांगलीला थोरलीकडं, सुरेखाकडं ठेवली. खरं सांगायचं तर माझ्या जिवावर आलं होतं.

बोगोटा पार उंचावर. महाबळेश्वरची थंडी तिथं बाराही महिने. पहिल्याच दिवशी एक चढ चढताना मला अशी धाप लागली की फुटपाथवरच बसलो. शेजारी फुलं विकणारी बाई धावत आली आणि माझ्या हातात गरम पेला दिला. तोंड लावलं तर काय, गुळाचं पाणी! तिकडं गुळाला पनेला म्हणतात.

"आजोबा कुठले?" तिनं स्वातीला विचारलं.

"गुळाच्या गावचे," स्वाती म्हणाली.

बाई हसली आणि तिनं पेला पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी सोन्याच्या संग्रहालयात गेलो. कोलंबस यायच्या आधीचं सोनं. अंधाऱ्या दालनांत काचेआड छातीवरचे पत्रे, बेडूक, पक्षी, आणि ओठ झाकून टाकणाऱ्या नथी. वीतभर लांबीचा एक तराफा, त्यावर राजा आणि त्याची माणसं उभी. लोक तोंडात बोटं घालून बघत होते. माझी नजर मात्र धंद्याची. हे तांबूस आहे, यात तांबं जास्त. हे आटवलं तर एवढं निघेल.

"तात्या, भट्टी बंद करा जरा," स्वाती म्हणाली.

दाराशी एक म्हातारा पहारेकरी होता. एवढं सोनं न आटवता राहिलं कसं, हे मी तिला त्याला विचारायला लावलं.

"जिवंत माणसांकडं होतं ते स्पॅनिश लोकांनी आटवलं, लगडी करून नेलं," तो म्हणाला. "हे मेलेल्यांबरोबर पुरलेलं आणि देवासाठी तळ्यात सोडलेलं. म्हणून राहिलं."

स्वातीनं मराठीत सांगितलं आणि मी तिथल्या बाकावर टेकलो. आपल्याकडं माणूस न्यायच्या आधी अंगावरचं सोनं काढून घेतात. हिची वाकी मीच उतरवली होती. दंड सुजला होता, साबण लावावा लागला. काम उरकलं तेव्हा रडू आलं नव्हतं. ते इथं आलं, परमुलखात, शाळेच्या सहलीतल्या पोरांसमोर.

स्वातीनं मला बाहेर नेलं. बटाटा, कोंबडी आणि मक्याचं कणीस घातलेलं दाट सूप मागवलं. त्यातला चमचा ढवळत म्हणाली, "तात्या, वाकी आटवू नका. दात येताना मी ती चावायची, त्याच्या खुणा हायत तिच्यावर. मला वाटणी नको. ताईकडं अख्खी राहू दे, मी आले की बघीन."

"आत्ताच फोन लाव तिला."

"फोनवर नको. ताईला वाटंल, मी रुसून सोडतेय. तुमी समोर बसून सांगा."

तिचं बरोबर होतं. सुरेखाचा स्वभाव मला माहीत आहे. उरलेले दिवस मी लहान पोरासारखा खुशीत काढले. मुंबईहून येताना शिरवळला गाडी चहाला थांबली, तेव्हाही सुरेखाला कसं सांगायचं तेच मनात घोळवत होतो. विट्याला न जाता थेट सांगली गाठली.

पाणी प्यायच्या आधीच सुरेखानं माझ्या हातात डबी ठेवली.

"तात्या, तुमच्या हातनं हे व्हायचं न्हाई, मला ठाव हुतं. म्हून तुमी यायच्या आधीच विट्याला जाऊन आतेभावाकडनं आटवून आणली. भट्टीपाशी उभी हुते, लय रडले. पर दोन्ही भाग सारखे हायत बघा. आता स्वातीच्या मनात काय राहायचं न्हाई."

डबीत दोन पिवळेधमक तुकडे. भाच्यानं काम चोख केलं होतं. सुरेखाच्या डोळ्यांखाली अजून सूज होती.

"झकास झालंय," मी म्हणालो. स्वातीचा निरोप सांगितला नाही. स्वातीला काय सांगायचं, तेही अजून ठरत नाही.

लोक विचारतात, तिकडचं जुनं सोनं कुठं बघायला मिळतं? मी सांगतो, बोगोटात बघा. लिमातही आहे म्हणतात, सान होझेतही. त्या दिवशी सांगलीहून घरी येऊन मी भिंतीवरचे सगळे फोटो खाली काढले. बारशातला, मदुराईच्या दुकानापुढचा, सुरेखाच्या लग्नातला. प्रत्येकात हिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलाय. दंड एकाही फोटोत दिसत नाही.