धसईच्या नाटकाचा शेवट आणि चाळीस रुमाल

कुंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "या बाजाराला तू धसईला येच," ती म्हणाली. "आमच्या नाटकाचा शेवट अजून एकाही माणसानं पाहिलेला नाही. निदान तू तरी बस शेवटपर्यंत."

कुंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. पुण्यात नाटक शिकली, दोन-चार वर्षं तिथल्या मंडळींत फिरली आणि मग सरळ आपल्या गावी, मुरबाडजवळच्या धसईला परतली. बंद पडलेली भाताची गिरणी भाड्यानं घेतली, त्यात फळ्यांचा रंगमंच ठोकला आणि चार स्थानिक नट पगारी ठेवले. पगारी या शब्दावर तिचा भारी जोर. हौशी म्हटलं की तिचा पारा चढतो.

नाशिकहून निघताना नवऱ्यानं विचारलं, "एवढ्या लांब फक्त नाटकाचा शेवट बघायला?" मी म्हटलं, "हो." असं म्हणायला किती छान वाटतं, सांगू!

ही २००७ ची गोष्ट, दिवस थंडीचे. सकाळच्या गाडीनं कसारा घाट उतरून शहापूर. स्टँडसमोर चहा आणि गरम भजी. हिरवी मिरची मागू नका, तशीच देतात आणि ती खरंच तिखट असते. तिथून किन्हवली, सरळगाव करत मुरबाड. भात कधीच कापून झालेला, बांधावर वालाचे वेल, आणि रस्ता असा की शेजारच्या बाईची कोंबडी दोनदा माझ्या मांडीवर आली. मुरबाडला गाडी बदलली. पुढच्या गाडीत सगळ्यांच्या तोंडी जवळच्या म्हसा गावची जत्रा, कुणाचा बैल कितीला गेला आणि कुणाला पाळण्यात चक्कर आली. धसईला उतरले तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती, पण मजेत होते. शहापूरपासून इथवरचा सगळा खर्च नाशकातल्या एका थाळीएवढासुद्धा झाला नाही.

कुंदाच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेले सुके बोंबील. जेवताना तिनं अडचण सांगितली. बाजाराच्या दिवशी तीन वाजता खेळ लागतो, कारण आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं तेव्हाच गावात असतात. नाटक संपतं सव्वापाचला. मुरबाडची गाडी येते पाचला आणि सुटते साडेपाचला. ती त्या दिवसाची शेवटची.

"मग वेळ आहे की!" मी म्हटलं.

"पाचला हॉर्न वाजला की सगळे उठतात. पहिल्या खेळात तर मी घोटाळाच केला. नाटकातला नवरा गाडीनं परत येतो ना, म्हणून पडद्यामागून हॉर्न वाजवला. पावणेपाचलाच गिरणी रिकामी! दोन म्हाताऱ्या तर रस्त्यात उभ्या राहून गाडी शोधत होत्या." ती खो खो हसली. मग हसू ओसरलं आणि म्हणाली, "नामदेव सोडून चाललाय गं."

नामदेव तिचा मुख्य नट. सकाळी शेती, दुपारी तालीम. मुरबाडच्या एका कारखान्यानं त्याला कामावर बोलावलं होतं. तो गेला तर नाटक बंद आणि नाटक बंद म्हणजे गिरणी बंद. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, खेळाआधीच्या तालमीला तो भेटला तेव्हा मी विचारलंच.

"ताई, पगाराचा नाय प्रश्न," तो म्हणाला. "अकरा खेळ झाले. अकरा टायमाला शेवटी मी रिकाम्या खुर्च्यांपुढं रडलोय. खुर्च्यांना काय कळतंय? आज माणसं थांबली तर मी थांबतो."

तीनला गिरणी भरली. पुढे सतरंज्या, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हवेत अजून कोंड्याचा वास. प्रत्येकाच्या पायाशी बाजाराची पिशवी. माझ्या शेजारी सोनूबाई नावाच्या आजी बसल्या, मांडीवर मुळ्याची जुडी. नाटकाची गोष्ट साधी. नवरा वीटभट्टीवर कामाला जातो, चार वर्षं निरोप नाही, आणि एक दिवस येऊन दार वाजवतो. बायको आतून कडी लावून उभी. उघडायचं की नाही, हा शेवट. बायको कुंदा, नवरा नामदेव. आणि काय काम करतात दोघं! भट्टीवर जाणाऱ्या माणसाची बोचकी बांधायचा प्रसंग आला तेव्हा अख्खी गिरणी गप्प. तिथल्या निम्म्या घरांनी तशी बोचकी बांधलेली होती.

मध्यंतरात मी सोनूबाईंना म्हटलं, "आजी, आज शेवट बघून जा."

"मी कुठं नाय म्हनते गो? मला काय उठाया हौस हाय? पर रुमाल नको टाकाया?"

"कसला रुमाल?"

त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं बघितलं की विचारू नका. "गाडीच्या खिडकीतनं. जागा धरायला. उभ्यानं मुरबाड नाय झेपत या पायांना."

म्हणजे चाळीस माणसं गाडी चुकेल म्हणून उठत नव्हती! गाडी अर्धा तास उभीच असते. ती जागेवर रुमाल टाकायला पळत होती, आणि एक पळाला की सगळे पळत होते. कुंदा शेवटी रंगमंचावर दाराआड उभी असल्यामुळे तिला इतके दिवस पाठीच दिसल्या होत्या, रुमाल नाही.

मी काही विचार न करता बोलून गेले. "तुमचा रुमाल द्या. मी टाकते."

सोनूबाईंनी रुमाल दिला. मागच्या बाईंनी आपला दिला. मग टॉवेल आला, टोपी आली, एकानं चप्पल काढली ती मी नाकारली. "मला खिडकी." "आमी दोघी जवळ जवळ." "मला चाकावरची नको, दणके बसतात." मी पिशवीत भरत गेले आणि तोंडानं नावं घोकत गेले. दिवे मंद झाले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले आहे.

पाचला हॉर्न वाजला. रंगमंचावर नामदेव दार ठोठावत होता. त्याचा हात हवेत थांबला, डोळे प्रेक्षकांकडे वळले. सतरंजीवर चुळबुळ झाली. आणि उठले ती मी एकटी.

गिरणीसमोर उभ्या रिकाम्या गाडीत मी एकेक जागेवर रुमाल पसरत होते. कंडक्टर दारात चहाचा ग्लास घेऊन उभा. "बाई, तुमचं कुटुंब भारी मोठं हाय. आज गाव कुठं गेलं?"

"नाटक बघतंय."

"अजून?" तो रस्त्याकडे बघतच राहिला.

सोनूबाईंचा रुमाल मी पुढच्या खिडकीला ठेवला आणि पायरीवर बसले. गिरणीतून आवाज नाही. मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज, आणि एकदम टाळ्या. पत्र्याच्या छपराखाली टाळ्या अशा वाजतात की मला रडूच आलं. खरं सांगते, ढसाढसा रडले. कंडक्टरनं चहा पुढे केला.

माणसं आली ती चालत आली, पळत कुणीच नाही. मी सोनूबाईंना हात देऊन वर घेतलं. "आजी, दार उघडलं का तिनं?"

"उघडलं तर. कडी काढली ना!"

"कडी काढली, दार नाय उघडलं," टॉवेलवाले काका म्हणाले. "दोन गोष्टी येगळ्या."

"मंग कडी काय हवा खायला काढली?"

गाडी सुटली तरी खिडक्यांतून भांडण ऐकू येत होतं. नामदेव तोंडाचा रंग न पुसताच धावत बाहेर आला होता. "ताई, एवढी तोंडं समोर बघितली आन् मी शेवटचं वाक्यच इसरलो!" तो हसत होता आणि गालावरचा रंग ओघळत होता. कुंदानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

जायचं असेल तर बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या, तिकीट दारावरच मिळतं, आणि रुमाल दोन न्या. माझा एक सवयीनं मीही सीटवर टाकला होता, तो मुरबाडला गेला.

घरी आल्यावर नवऱ्यानं चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "काय मग, काय होता शेवट?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण सगळे बसले होते."