बारा नाण्यांचं पार्सल

देवरावभाऊंनी काउंटरवर कागद आपटला. "बाई, त्यानं मले चोर म्हटलं!"

कागद म्हणजे ईमेलचा प्रिंटआउट. परदेशातल्या गिऱ्हाइकाची तक्रार होती : बारा नाणी घेतली, नऊच आली, सगळे पैसे परत द्या.

मी तेव्हा नागभीडच्या पोस्टात सबपोस्टमास्तर होते. देवरावभाऊ बसचे निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं सुट्या पैशांत हात घालून त्यांना टाकसाळीची चूक लगेच ओळखू यायची. छाप सरकलेली, कड तुटलेली, एक बाजू कोरी राहिलेली. असं नाणं दिसलं की ते ठेवून घ्यायचे आणि खिशातलं चांगलं नाणं बॅगेत टाकायचे. अशा चुकलेल्या नाण्यांना जगभर गिऱ्हाईक आहे, हे त्यांच्या मुलीनं, वैशालीनं सायबर कॅफेत शोधून काढलं आणि बापलेकीनं इंटरनेटवर विक्री सुरू केली.

हे पार्सल मीच बुक केलं होतं. तेव्हाही वाद झालाच होता. परदेशी पार्सलवर डिक्लरेशन लावतात. आत काय, किती नग, किंमत किती. त्यावरून तिकडचं कस्टम्स आयात ड्युटी ठरवतं आणि ती घेणाऱ्यानं भरायची असते.

"बाई, गिऱ्हाईक म्हणते, गिफ्ट लिवा, किंमत दहा डॉलर. म्हंजे त्याले ड्युटी लागत नाई."

"त्याची ड्युटी वाचवायला तुम्ही खोटं लिहिणार?"

"पह्यलं मोठं गिऱ्हाईक हाये. त्याले नाराज काऊन करा?"

"दहा डॉलर लिहिलेत आणि पार्सल हरवलं, तर भरपाईही दहाच डॉलर. खोट्या फॉर्मवर मी शिक्का मारत नाही."

"आमच्या चेकिंगवाल्यांपेक्षा खडूस हाये तुमी," म्हणत त्यांनी खरी किंमत लिहिली. मी विमा पार्सल करायला लावलं. विमा पार्सलला लाखेची सील लागतात आणि वजन ग्रॅमपर्यंत मोजून पावतीवर लिहितात.

आता वेबसाइटनं पैसे अडवले होते. विकणाऱ्याला संरक्षण असतं, त्याला सेलर प्रोटेक्शन म्हणतात. पण ते आपोआप मिळत नाही. सात दिवसांत पुरावे द्यायचे, नाहीतर पैसे परत आणि खातं बंद. पाठवल्याची पावती होती. गिऱ्हाइकाच्या सहीची पोचही आली होती. पण पोच सांगते की पेटी पोचली. पेटीत किती नाणी होती, ते सांगत नाही.

मी चंद्रपूरला आमच्या पोस्टाच्या साहेबांना फोन लावला.

"मॅडम, सील शाबूत होती ना? सही झाली ना? मग आपला विषय संपला."

"आणि आतली नाणी?"

"ती त्यांची त्यांनी बघावीत."

नियमानं साहेब बरोबर होते. देवरावभाऊ बाकावर बसून होते, शेजारी वैशाली. "तीस वर्षांत एक डाव बी माह्या बॅगेत पैसे कमी भरले नाई, बाई. अन् आता मनते तीन नाणे मारले."

मी प्रिंटआउट पुन्हा वाचला. खाली लिहिलं होतं, पान एक. "वैशाली, पुढची पानं?"

"एका पानाले पाच रुपये घेते तो कॅफेवाला. पह्यल्याच पानावर सगळं होतं, म्हून..."

"जा, सगळी काढून आण."

अर्ध्या तासात ती पानं घेऊन आली. दुसऱ्या पानावर त्या माणसानं आणखी एक मागणी केली होती. भरलेली ड्युटीही विकणाऱ्यानंच परत करावी! पुरावा म्हणून तिसऱ्या पानावर कस्टम्सची पावती जोडली होती. इंग्रजीत होती. मी बोट ठेवून वाचत गेले. पार्सल उघडून तपासलं. नाणी, बारा नग. पुन्हा सील केलं. वजन तेच, माझ्या पावतीवर होतं तितकंच. आणि पोचेप्रमाणे दुसऱ्याच दिवशी सील शाबूत असल्याची सही करून त्यानं ते घेतलं होतं.

मी मराठीत सांगितलं. देवरावभाऊ इतक्या मोठ्यानं हसले की मनिऑर्डरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"म्हंजे बारा तिकिटं फाडून घेतले, अन् मनते बसमंदी नऊच जण होतो!"

उत्तर मी चार ओळींत सांगितलं, वैशालीनं कॅफेत बसून टाइप केलं. सोबत माझी पावती, त्याची पोच आणि त्यानंच पाठवलेली ड्युटीची पावती. रडगाणं नाही, शिव्याही नाहीत. शिव्या घालायची देवरावभाऊंची फार इच्छा होती, ती मी मोडून काढली.

पाचव्या दिवशी वैशाली धावत आली. तक्रार फेटाळली, पैसे मोकळे केले आणि त्या गिऱ्हाइकाचंच खातं बंद केलं. देवरावभाऊंनी अख्ख्या पोस्टाला चहा पाजला. साहेबांचा फोन आला, "ऐकलं मी. पण नियमात बसत नव्हतं हं, मॅडम." मी म्हटलं, "हो साहेब."

पुढच्या आठवड्यात देवरावभाऊ नवं पार्सल घेऊन आले. न सांगता पूर्ण किंमत लिहिली आणि माझ्यासमोर नाणी दोनदा मोजली.

गिफ्ट लिहिलं असतं, तर कदाचित तिकडे पेटी कुणी उघडली नसती आणि नाणीही मोजली नसती. जी ड्युटी तो टाळू पाहत होता, तिच्याच पावतीनं त्याला पकडलं. परदेशात माल विकणारे अजून मला सल्ला विचारतात. मी दोनच गोष्टी सांगते. फॉर्म खरा भरा. आणि तक्रार आली तर पाच रुपये वाचवू नका, सगळी पानं छापा.