फॉरमॅट मारायच्या आधी

मंडळी, माझा गेमिंग पीसी तापतो, दहा मिनिटांत गेम अडखळायला लागतो, म्हणून परवा इथेच रडले होते ना? तुम्ही ड्रायव्हर बदल म्हणालात, बदलला. फॉरमॅट मार म्हणालात, मारला. तीन वर्षं खेळून सेव्ह केलेला गेम गेला. पीसी तापायचा तो तापतच राहिला.

आज सकाळी पुन्हा त्याच्याशी झटापट चालली होती. बाबा खडकीच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेत. चहा पिता पिता म्हणाले, "उघडून बघितलंस का?"

"बाबा, ते काही लेथ मशीन नाहीये."

"मग दसऱ्याला पूजा कशाला केलीस त्याची?"

त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च ग्राफिक्स कार्डाखाली धरला. पंखा फिरतच नव्हता. झेंडूच्या हाराचा दोरा त्याला गच्च गुंडाळला होता. हार मीच घातला होता.

दोरा काढला, गेम सुरळीत चालतोय. पण खेळावंसं वाटत नाहीये. दसऱ्याला टाकलेला पीसीचा फोटो मी मघापासून झूम करून बघतेय. पूजेसाठी उघडलेल्या कॅबिनेटच्या बाजूने दोरा आत लोंबताना स्पष्ट दिसतोय.

त्या फोटोला तुम्ही सगळ्यांनी बदाम दिले होते. एकालाही दिसला नाही? आणि मला?