शोभाच्या मेसचं पार्सल

आधी चहा संपवा, मग ऐका. तोंडात घोट असताना हसलात तर ठसका लागेल, सांगून ठेवते! यंदा मी जो शहाणपणा केला, तो अख्ख्या कोरेगाव भीमात दुसऱ्या कुणी केला नसेल.

माझी मेस कंपनीतल्या पोरांच्या जिवावर चालते, तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा मंदी आली, रातपाळी बंद झाली, निम्मी पोरं गावाकडं गेली. पंगतीत माणसांपेक्षा ताटं जास्त! असंच चाललं असतं तर शटर ओढायचं, एवढंच बाकी होतं.

आणि समोरच्या शोभाची मेस? तिच्या दाराच्या खिळ्यांना पार्सलच्या दोन-तीन तरी पिशव्या लटकलेल्या! माझ्या पोटात नुसता जाळ. मंदी काय रस्त्याच्या माझ्याच बाजूला आलीय?

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "ती भाजीत काय तरी घालती. एक पार्सल आणा बरं."

"मी? समोरनं? वळखंल की ती!"

मग रामदीनला पाठवलं. तो आमच्याच मेसचा मेंबर, बिहारकडचा. मागच्या गल्लीनं गुपचूप पार्सल आणून देई. वैद्यानं नाडी धरावी तसा मी मटकीचा रस्सा जिभेवर धरून बसले. पण गुपित काय एका घासात सापडतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं. मग वाटलं, दुपारचा मसाला वेगळा असेल. दुपारचंही सुरू! मग म्हटलं, एका पार्सलात हात सैल सोडत असेल, मोठ्या ऑर्डरीत नक्की काटा मारत असेल. म्हणून घरातल्या सगळ्यांपुरती पार्सलं मागवली.

तुम्हीच सांगा, इकडं मी चाखतेय, आणि तिकडं शोभाच्या पिशव्या वाढतायत! खिळे पुरेनात, तिनं दोरी बांधली. पुढं पोळ्या लाटायला बाईसुद्धा ठेवली. मंदीत माणूस वाढवते? मी माझ्या दाराला ताजी लिंबू-मिरची टांगली, आणि रामदीनला सांगितलं, "उद्यापासनं गोडाचं पण आण!"

एका रविवारी पोरं जेवायला बसलेली, तेवढ्यात शोभाच माझ्या दारात. हातात शिऱ्याचा डबा, डोळ्यांत पाणी.

"वहिनी, पाया पडते तुमच्या."

"अगं, झालं काय?"

"मी मेस बंदच करणार हुते. भांडी सुदिक इकायला काढली हुती. तवाच ही रोजची पार्सलं सुरू झाली. रामदीन मागवनाऱ्याचं नाव सांगंना, म्हून आज त्याच्या मागंमागं आले. बघते तर तुमचं मागचं दार! सोताचा धंदा मंदीत असताना दुसरीला असं गुपचूप जगवायचं! एवढं मोठं मन कुणाचं असतं वो?"

अहो, दोरीवरच्या त्या पिशव्या माझ्याच होत्या! जिच्या गर्दीवर मी जळत होते, ती गर्दी मीच!

"शेजारधर्म गं," मी कशीबशी म्हणाले.

"न्हाई, आता तुमचं म्हयन्याचं कार्डच काढते. सवस्तात पडंल."

मी नको म्हणायच्या आत आमचे हे आतनं ओरडले, "माझं येगळं काढ गं शोभा!"

आणि माझ्याच पंगतीतनं, माझ्याच ताटावरनं मान वर करून रामदीन म्हणाला, "भाभी, एक मेरा भी!"